मिलीमीटरमामा

मिलीमीटरमामांसमोर 'पाऊस चांगला झाला' असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर ते मान तिरकी करून विचारत, "चांगला म्हंजी किती?" समोरचा मग 'लई झाला', 'सरीत पाणी उभं राहिलं', 'ओढ्याला पाणी आलं' असं काहीबाही सांगू लागे. मामा सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "म्हंजी मोजला न्हाई. मग गप बसा." यातून केंद्रावरचे मजूर सुटले नाहीत, बियाण्याला आलेले शेतकरी सुटले नाहीत आणि मांडवात बसलेले त्यांचे स्वतःचे व्याहीही सुटले नाहीत. आडनाव शेख. पण खुटबावात शेखांची घरं पाच-सहा, आणि मिलीमीटरवाला त्यांच्यात एकच. म्हणून हे नाव पडलं. त्यांना ते नाव आवडत नसे. "मीटरमामा म्हणले असते तर मान तरी मिळाला असता," असं ते म्हणत.

खुटबावच्या अलीकडे आमचं शेती संशोधन केंद्र होतं. मामा तिथं हवामान निरीक्षक. त्यांचे वडील बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचे. मुलगा मॅट्रिक झाला आणि तारेच्या कुंपणातल्या त्या वीस पावलांच्या चौकोनात नोकरीला लागला, तो निवृत्तीपर्यंत तिथंच. चौकोनात पर्जन्यमापक, तापमापकांची पांढरी झडपांची पेटी, बाष्पीभवनाचं जाळी घातलेलं पात्र आणि वाऱ्याच्या फिरत्या वाट्या. मी तिथं रुजू झालो नव्वदीच्या शेवटी. तळेगाव ढमढेऱ्याहून न्हावऱ्यामार्गे, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडून रोज मोटारसायकलवर यायचो. मी पदव्युत्तर पदवीवाला, वर्ग दोनचा अधिकारी. ते माझ्यापेक्षा पंचवीसेक वर्षांनी मोठे आणि हुद्द्यानं चार पायऱ्या खाली. मला ते 'साहेब' म्हणत. पण त्या 'साहेब'मध्ये जेवढा आदर होता, त्याहून जास्त आमच्याकडे कोंबड्यासुद्धा देतात.

पहिल्याच आठवड्यात याचा अनुभव आला. सकाळी साडेआठची नोंद मी घेतो म्हटलं. पर्जन्यमापकातलं पाणी मापनपात्रात ओतलं, उभ्या उभ्या पाहिलं आणि आकडा सांगितला. मामांनी वही उघडलीच नाही.

"साहेब, पाणी तुमच्याकडं बघायला वर येनार न्हाई. तुम्हीच खाली जावा."

ते स्वतः रोज गोणपाटाचा तुकडा अंथरत, दगडावर पात्र ठेवत, गुडघे टेकत आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणून बघत. दोनदा बघत. गुडघे दुखायला लागल्यावरही यात फरक पडला नाही. मी माझी नवी पँट सांभाळत वाकलो. माझा आकडा एक मिलीमीटरनं चुकला होता. दौंड तालुक्यात पाऊसच मुळी मोजका, त्यातला एक मिलीमीटर मी उभ्या उभ्या खाल्ला, असं त्यांनी दिवसभर भेटेल त्याला सांगितलं.

त्यांच्या जुन्या नोंदवह्या मी नंतर चाळल्या. एका पानावर एका तारखेपुढं आकड्याच्या जागी लिहिलं होतं, 'नोंद नाही. मला झोप लागली.' खाली सही. असं काही सरकारी वहीत मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही. मी विचारलं, "मामा, आदल्या दिवसाचा आणि दुसऱ्या दिवसाचा बघून मधला आकडा टाकता आला असता की. कुणाला कळलं असतं?"

"तापलो होतो त्या दिवशी. डोळा उघडला तवा दहा वाजले होते," ते म्हणाले. "न्हाई तर न्हाई लिहायचं. अंदाज म्हंजी खोटंच असतंय साहेब, फक्त त्याला इस्त्री केलेली असती."

इस्त्री केलेलं खोटं म्हणजे काय, हे मला लवकरच कळायचं होतं, कारण दोन हजार चार-पाचच्या सुमारास आमच्या केंद्रावर गुणवत्ता आली.

केंद्रप्रमुखांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू. ते कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि परत येताना गुणवत्ता व्यवस्थापन घेऊन आले. एक जाड नियमपुस्तिका झाली. प्रत्येक दारावर पाटी लागली. संडासावरही लागली, फक्त आत पाणी आलं नाही. 'गुणवत्ता हीच ओळख' असे बिल्ले छापून सगळ्यांना वाटले. मामांनी आपला बिल्ला बाजरीच्या प्रयोगाच्या वाफ्यातल्या बुजगावण्याच्या सदऱ्याला लावला. मोठ्या साहेबांनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "पाखरं तरी भितील." आणि गुणवत्ता समन्वयक म्हणून नेमणूक झाली माझी. पात्रता एवढीच, की मला संगणकावर मराठी टाईप करता येत होतं.

मग स्वयंचलित हवामान यंत्र मंजूर झालं. त्याच्या पर्जन्यमापकात दोन छोट्या वाट्या असतात. अर्धा मिलीमीटर पाणी पडलं की भरलेली वाटी डुलते, रिकामी होते, दुसरी वर येते. प्रत्येक डुलण्याची नोंद आपोआप होते. माणसानं गुडघे टेकायचं कारण उरत नाही. मला वाटलं, मामा आता यंत्राला शिव्या देणार. पण ते पेटी उघडल्यापासून त्याच्याभोवतीच फिरत होते. वाटी बोटानं अलगद डुलवून पाहिली, दोन-तीनदा पाहिली. "झकास हाय," म्हणाले. "फक्त दोन पावसाळं जुन्याच्या शेजारी उभं करा. दोघांचं जुळलं की जुनं काढा. न्हाई जुळलं तर का न्हाई ते शोधा. तवर जुन्याला हात लावू नका."

नियमपुस्तिकेतही नेमकं हेच लिहिलं होतं. मीच टाईप केलं होतं. पण उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि मामांचा चौकोन केंद्राच्या मागच्या बाजूला, उसापलीकडे. पाहुण्यांना चिखल तुडवायला कसा लावायचा? म्हणून यंत्र बसलं फाटकाशेजारी, रस्त्यावरून दिसेल असं. त्याच्या पश्चिमेला आठ फूट उंचीचा पत्र्याचा फलक उभा राहिला. फलकावर पाहुण्यांचं नाव मोठं, मोठ्या साहेबांचं त्याहून जरासंच लहान, आणि 'पर्जन्यमापन' हा शब्द शोधावा लागे असा.

यंत्र बसवताना एक तपासणी तक्ता भरायचा होता. पाया समपातळीत आहे का, वाटीची चाचणी केली का, जवळच्या अडथळ्याची उंची किती, अंतर किती, अशी तीसेक कलमं. तो मी भरला. यंत्र अजून खोक्यात होतं आणि फलक रंगाऱ्याकडे होता, तेव्हा कार्यालयात पंख्याखाली बसून भरला. अडथळ्याचं अंतर: वीस फूट. चाचणी: समाधानकारक. सगळीकडे बरोबरच्या खुणा आणि शेवटी माझी सही. पाहुण्यांनी त्या तक्त्याचं कौतुक केलं. इतका नीटनेटका तक्ता त्यांनी कुठल्याच केंद्रावर पाहिला नव्हता म्हणे.

जुना पर्जन्यमापक काढून टाका, दोन-दोन यंत्रं बरी दिसत नाहीत, असं मोठ्या साहेबांनी तोंडी सांगितलं. मामा म्हणाले, "लेखी द्या." लेखी द्यायचं म्हणजे आपल्याच पुस्तिकेच्या विरुद्ध द्यायचं. मोठे साहेब धूर्त होते, त्यांनी दिलं नाही. म्हणून जुना मापक राहिला, आणि मामा रोज साडेआठला गोणपाट घेऊन उसापलीकडे जात राहिले.

जून सरला, जुलै आला. आमच्याकडचा तो पाऊस म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्यावर आलेला तिरपा भुरभुराट. मामांच्या वहीत आणि यंत्रात फरक पडायला लागला. एका दिवशी वहीत अठरा पूर्णांक चार, यंत्रात साडेतेरा. दुसऱ्या दिवशी वहीत सहा, यंत्रात चार. नेहमी यंत्र कमी. मोठ्या साहेबांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि क्षणात निष्कर्ष काढला: म्हातारा आकडे फुगवतो, घरी बसून लिहितो, आणि आजवर असंच करत आला असणार. यंत्राला खोटं बोलायचं कारण काय? मामांना मेमो निघाला. 'आपल्या नोंदी यंत्राच्या नोंदींशी जुळत नाहीत, लेखी खुलासा करावा, अन्यथा आपल्या कार्यकाळातील सर्व नोंदी अविश्वसनीय का ठरवू नयेत?' टाईप मीच केला. व्याकरणाची एकही चूक नव्हती.

सगळ्या नोंदी म्हणजे तेहतीस वर्षांच्या. मामांनी त्याच कागदाच्या पाठीवर एका ओळीत खुलासा दिला. 'यंत्राच्या नोंदी पावसाशी जुळत नाहीत.'

नंतर ते माझ्या टेबलाशी आले. हातात मोजायची टेप. "साहेब, जरा याचं एक टोक धरा." मी त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेलो. टोक मी यंत्राशी धरलं, ते दुसरं टोक घेऊन फलकापर्यंत गेले. टेप फार लांब उलगडावीच लागली नाही. पाच फूट. मामांनी पाचाच्या आकड्यावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा तक्ता त्यांनी पाहिला होता, हे मला तेव्हा कळलं.

"बघतो मी," मी म्हणालो.

"बघा," ते म्हणाले, आणि टेप गुंडाळली.

मी काही बघितलं नाही. मोठ्या साहेबांना सांगावं तर फलकावर त्यांचं नाव, तक्त्यावर माझी सही आणि डिसेंबरात माझं कायम होणं. मामा रोज भेटत. टेपचा विषय त्यांनी परत काढला नाही. मला ते 'साहेब' म्हणत राहिले आणि तो शब्द मला रोज थोडा जास्त टोचत राहिला. माझ्यासारखी माणसं वाईट नसतात असं म्हणायची पद्धत आहे. त्या वर्षी आरशात बघताना मला ती पद्धत पटत नसे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पुण्याहून एक तपासणी अधिकारी बाई आल्या. मेमोचं प्रकरण त्यांच्यासमोर ठेवलं. मोठे साहेब तासभर यंत्राच्या अचूकतेवर बोलले. बाईंनी मामांना विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

"म्हननं न्हाई काही. एक चाचणी करू द्या."

परवानगी मिळाली. मामांनी गुरांच्या दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी आणली होती. त्यांनी अर्धा लिटर पाणी मापून बाटलीत भरलं, बाटली बांबूला टांगली आणि थेंब थेंब यंत्राच्या नरसाळ्यात सोडलं. "वाटी बत्तीस बार डुलली पायजे," त्यांनी नरसाळ्याच्या मापावरून आधीच सांगून टाकलं. पाणी संपायला तास लागला. आम्ही सगळे उन्हात उभे. मोठ्या साहेबांनी दोनदा जेवणाची आठवण केली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, त्या डुलणी मोजत होत्या. एकतीस झाली आणि बत्तिसावी वाटी भरत आली होती.

मोठ्या साहेबांचा चेहरा उजळला. "बघा. यंत्र बरोबर आहे. यांनीच सिद्ध करून दिलं."

"मशीन बरोबरच हाय साहेब," मामा म्हणाले. "मशीनला पाऊस मिळत न्हाई." आणि त्यांनी फलकाकडे बोट केलं. "पाऊस येतो तिकडून. वाटेत तुमचं नाव हाय."

बाईंनी फलकाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि तपासणी तक्ता मागितला. अंतराच्या कलमावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे वीस फूट कुणी मोजलं?"

मोठे साहेब माझ्याकडे बघत होते. मामा मात्र बघत नव्हते. ते बाटलीची नळी गुंडाळत होते, अगदी सावकाश. मला सांगावंसं वाटतं, की माझ्यात काहीतरी जागं झालं वगैरे. तसं काही झालं नाही. पाच फूट समोर दिसत होते, खोटं बोलून ते वीस होणार नव्हते. शिवाय मी थकलो होतो.

"कुणी नाही मोजलं," मी म्हणालो. "मी कार्यालयात बसून लिहिलं. सगळाच तक्ता."

बाईंनी एवढंच म्हटलं, "बरं." मग त्यांनी यंत्र मामांच्या चौकोनात जुन्याच्या शेजारी हलवायला सांगितलं, दोन पावसाळे दोन्हीकडच्या नोंदी घ्यायला सांगितलं आणि फलकाआडचे सगळे आकडे संशयास्पद म्हणून वेगळे काढायला लावले. मेमो मागे घेतला गेला नाही. सरकारी मेमो मागे जात नाही, तो फाईलमध्ये जातो. मामांची कुणी माफी मागितली नाही. मला मात्र ताकीद मिळाली आणि माझं कायम होणं वर्षभर लांबलं.

बाई गेल्यावर मी मामांजवळ गेलो. मला वाटत होतं, ते चांगलं काही बोलतील. ते म्हणाले, "उद्घाटनापासून आज सत्त्याऐंशी दिवस झाले. सत्त्याऐंशी दिवसांचा पाऊस वाया घालवलास तू. जमिनीत गेला, वहीत आला न्हाई."

वहीत तो आला होता, त्यांच्याच वहीत. पण ते बोलायची माझी हिंमत झाली नाही. फक्त एक गोष्ट लक्षात आली. त्यांनी मला 'तू' म्हटलं होतं. पुन्हा त्यांच्या तोंडून 'साहेब' ऐकू आलं नाही. माझ्या नोकरीतली ती पहिली बढती.

पुढची दोन वर्षं रोज साडेआठला आम्ही दोघं चौकोनात असू. त्यांनी मला ओल्या तापमापकाची मलमल कधी बदलायची, कोळ्याचं जाळं वाटीच्या कुठल्या कोपऱ्यात होतं, पाया पावसानंतर किती खचतो, सगळं शिकवलं. शिकवताना दर वाक्याला अपमान केला. "डोळं हायेत का बटनं?" हे त्यातल्या त्यात सौम्य. दुसरा पावसाळा संपायला दोन महिने राहिले आणि ते वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले. दोन महिने थांबू द्या, पगार नको, असा त्यांनी अर्ज केला होता. मोठ्या साहेबांनी तो फेटाळला. कारण दिलं पुस्तिकेतलं: यंत्राच्या आवारात अनधिकृत व्यक्तीला प्रवेश नाही.

निरोपसमारंभात शाल-नारळ झाला, मोठे साहेब समर्पणावर बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकोनात गेलो, तर कुंपणाच्या बाहेर, बांधावर, सायकल उभी. मामा तारेला हात लावून उभे.

"आत या की मामा. कुणी काही म्हणत नाही."

"अनधिकृत हाय मी," ते म्हणाले. "तू वाच. मोठ्यानं वाच."

मी गोणपाट अंथरलं, गुडघे टेकले, दोनदा पाहिलं आणि आकडा ओरडून सांगितला. त्यांनी खिशातल्या डायरीत लिहिला. मग यंत्राचा आकडा सांगितला, तोही लिहिला. असं दोन महिने चाललं. पाऊस नसला तरी ते येत. शून्यही मोजावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. रखवालदार पहिल्या दिवशी त्यांना हटकायला गेला आणि थोड्या वेळानं त्यांना चहा घेऊन गेला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी त्यांनी डायरी तारेतून माझ्या हातात दिली. त्यांनी सगळी बेरीज घातली होती. दोन पावसाळ्यांत दोन्ही मापकांत शंभराला दोनसुद्धा फरक नव्हता.

"चांगलं हाय मशीन," मामा म्हणाले. "पयल्या दिवसापासून चांगलं होतं. आता जुनं काढलं तरी चालंल."

मी विचारलं, "काढू मग?"

त्यांनी तारेतून जुन्या मापकाकडे पाहिलं. "काढ. ठेवून काय करायचं." मग सायकलवर बसले आणि मळ्याच्या वाटेनं निघून गेले. त्या दिवशी त्यांनी मला एक शिवीसुद्धा दिली नाही.

पुढे ते शिरूरला मुलीकडे राहायला गेले. वर्षातून एकदोनदा मी जायचो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी दूरदर्शनवरचा हवामान अंदाज ऐकून ते पडद्याकडे तोंड करून म्हणत, "कुणी मोजलं हे?" एका उन्हाळ्यात ते गेले. मला निरोप उशिरा मिळाला, दफनाला पोचता आलं नाही. चार दिवसांनी गेलो. रुखसानाताईंनी, त्यांच्या मुलीनं, चहा दिला. इकडचं-तिकडचं बोलून झालं.

"अब्बा तुमच्याबद्दल बोलायचे," त्या म्हणाल्या.

"काय म्हणायचे?"

त्या अडखळल्या. सांगावं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणायचे, पोरगं हुशार न्हाई. भित्रं बी हाय. पण बाईनं विचारलं तवा खोटं बोललं न्हाई." लगेच त्या म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांचं बोलणं तसंच होतं."

मी मान हलवली. कपबशी खाली ठेवली आणि खालीच बघत राहिलो. त्यांना वाटलं, मला राग आला. त्यांनी घाईघाईनं विचारलं, "अजून चहा घेता का?"

मी हो म्हटलं आणि बराच वेळ तिथंच बसून राहिलो.